पत्र्याचे ठिगळ

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला 'आपल्या हातच्या विद्येविषयी चार शब्द बोला' अशी आज्ञा केली आणि मी उलट टपाली विषय कळविला, 'गंजलेल्या जुन्या मोटारीस पत्र्याचे ठिगळ कसे लावावे'. आपल्या चिटणीसांनी ते पत्र दोन वेळा वाचले, असे कानी आले. त्यात त्यांचा दोष नाही. ठिगळ हा शब्दच मुळी आपल्याकडे दारिद्र्याची खूण मानला जातो. ज्याच्या अंगरख्याला ठिगळ, त्याला पंगतीत मागचे पान. आणि संकटांना पारावार उरला नाही म्हणजे आपण म्हणतो, आभाळच फाटले, आता ठिगळ कोठे कोठे लावणार! अशा या उपेक्षित वस्तूकडे आपले लक्ष वेधावे, एवढाच माझा हेतू आहे. कारण लोखंडाच्या कामात ठिगळ ही कारागिराची परीक्षा असते, हे ज्याने एकदा ऐरणीवर पत्रा ठेवला आहे त्यास सांगावे लागत नाही.

आपल्या पांचाळ परंपरेत विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांकडे पाच द्रव्ये वाटून दिली आहेत. मनूकडे लोखंड, मयाकडे लाकूड, त्वष्ट्याकडे तांबे-पितळ, शिल्पीकडे पाषाण आणि दैवज्ञाकडे सुवर्ण. मोटारगाडी हे परदेशातून आलेले वाहन असले, तरी तिच्या पहिल्या पिढीचे शरीर पाहिले तर मनू आणि मय यांनी एकत्र बसून ते घडविले असावे असे वाटते. आत लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून बसविलेला पत्रा, अशीच जुन्या मोटारींची घडण असे. पुढे प्रचंड दाबयंत्रे आली, पत्रा एका दणक्यात आकार घेऊ लागला, लाकूड मागे पडले आणि हातोडाही मागे पडला. परंतु त्या यंत्रातून निघालेली गाडी ५० वर्षांनी गंजते, तेव्हा तिच्यासाठी ते अवाढव्य यंत्र पुन्हा कोणी सुरू करीत नाही. त्या वेळी पुन्हा हातोडाच लागतो.

आता गंज म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. लोखंडास हवेतील प्राणवायू आणि पाणी ही दोन्ही मिळाली म्हणजे गंज होतो. दोहोंपैकी एक जरी नसेल तरी तो जवळजवळ थांबतो. क्षार मिसळला की हेच काम झपाट्याने होते, म्हणून समुद्रकाठच्या गाडीचे आयुष्य देशावरच्या गाडीपेक्षा कमी. आमचे कासार बंधू म्हणतील की, तांब्यावरही कळंक येतोच की. येतो खरा, परंतु तांब्यावरचा हिरवा थर अंगाला घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो, पापुद्रे धरतो आणि गळून पडतो. त्याखाली उघडे झालेले ताजे लोखंड पुन्हा हवापाण्यास सामोरे जाते. तांब्याचा कळंक हा पहारेकरी आहे. लोखंडाचा गंज हा घरात शिरलेला चोर आहे, आणि तो दुसऱ्या चोराला दार उघडून देतो.

प्रत्यक्ष उदाहरणासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाची गाडी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट ११०० बाहेर पडे, ती एके काळी मध्यमवर्गाची मोठी हौस होती. मूळ इटालियन गाडी १९५३ साली जगापुढे आली. आपल्याकडे १९६४पासून ११००-डी आणि १९७४पासून प्रीमियर पद्मिनी हे तिचेच पुढचे अवतार. मुंबईची काळीपिवळी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच होऊन बसले होते. तिच्यातील शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली आणि वृत्तपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले, हे आपल्या स्मरणात असेल. आपल्यापैकी कित्येकांची लग्नाची वरात याच गाडीतून निघाली होती.

या गाडीचा एक विशेष ध्यानात घेतल्यावाचून ठिगळाचे महत्त्व कळणार नाही. ट्रक घ्या अथवा जीप घ्या, त्यांच्या खाली लोखंडी तुळयांची स्वतंत्र चौकट असते आणि वरचे शरीर तिच्यावर नुसते बसविलेले असते. फियाट ११००ला तशी वेगळी चौकट नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर यांची मिळून एक बंद पेटी होते आणि तीच सारा भार सोसते. दारांखालच्या त्या पेटीला आपण उंबरठा म्हणू. अशा गाडीत पत्रा हे कातडे नव्हे, पत्रा हेच हाड आहे. गंमत अशी की, गंजाला नेमका हाच उंबरठा सर्वांत प्रिय. चाकांनी उडविलेला चिखल, काचेच्या रबराखालून झिरपलेले पाणी आणि दारातून ओघळलेले पावसाचे थेंब हे सारे अखेर तेथेच येऊन साठते. कारखान्याने पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली लहान छिद्रे मातीने बुजलेली असतात, आणि कित्येकदा रंगाऱ्याने ती दोष समजून आनंदाने बुजविलेली असतात!

येथे मला बाजारातल्या एका प्रकाराविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी कुजलेल्या उंबरठ्यात वर्तमानपत्राचे बोळे अथवा जाळी कोंबतात, वरून लांबी थापतात, घासून गुळगुळीत करतात आणि चकचकीत रंग मारतात. गिऱ्हाईक आरशासारखी गाडी पाहून खूष होते. लांबीचे माझे वैर नाही. कागदाएवढा पातळ थर देऊन उंचसखलपणा मिटविण्यापुरती ती योग्यच आहे. परंतु लांबी भार पेलत नाही. शिवाय तिच्या आड अडकलेला ओलावा आतल्या आत आपले काम चालू ठेवतो. अशी गाडी खड्ड्यात आदळली की मध्यावर वाकते आणि दारे बसेनाशी होतात. अपघात झाला तर जी पेटी माणसाचे रक्षण करणार, तीच कागदी निघते. ज्याने ठिगळ लावले त्याने निदान भोक आहे हे कबूल केले. ज्याने लांबी थापली त्याने ते झाकून वर मजुरी घेतली.

म्हणून जुनी गाडी घेताना अथवा दुरुस्तीस देताना प्रथम तिची नाडी पाहावी. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते पकड सोडते तेथे खाली लांबी आहे. लहान हातोडीने हलके वाजवावे. निरोगी पत्रा खणखणतो, कुजका पत्रा बद्द वाजतो. मडके घेताना आपल्या घरच्या स्त्रिया जी परीक्षा करतात, तीच ही परीक्षा. रंगाला फोड आला असेल तेथे बोथट टोच्याने दाबून पाहावे आणि टोचा आत गेला तर वाईट वाटून घेऊ नये. भोक टोच्याने पडलेले नसते. फोड रुपयाएवढा दिसला तर आतले नुकसान बशीएवढे असते, असा अनुभव आहे. कारण गंज बहुधा आतून बाहेर येतो.

पत्रा नुसता खवल्याखवल्यांचा झाला असेल पण जाडी शिल्लक असेल, तर कापण्याचे कारण नाही. तारेच्या ब्रशाने घासून फॉस्फरिक आम्लाचा हात दिला की उरलेल्या गंजाचे स्थिर संयुग बनते. टॅनिनही हेच काम करते. आपल्या पूर्वजांनी हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून काळी शाई केली, तिच्यामागे हीच रसायनविद्या होती. पण जेथे जाडीच गेली, तेथे कापणे आलेच.

कापण्यापूर्वी दोन गोष्टी. बॅटरीची तार सोडावी आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. हे मी नवशिक्यांना दरडावून सांगतो. दुसरी गोष्ट आधाराची. उंबरठा कापला की पेटीचे एक हाड गेले. म्हणून दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी गज तात्पुरते जोडून घ्यावेत, गाडी चारी बाजूंनी सारखी टेकवावी आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. मधून मधून दार लावून त्याच्या फटी पाहाव्यात. घराची भिंत बदलताना आपण तुळईला टेकू देतो, तसेच हे.

मग पुठ्ठा घ्यावा. काही तरुणांना पुठ्ठा कापण्यात कमीपणा वाटतो. त्यांना थेट पत्र्याला हात घालायचा असतो. परंतु पुठ्ठा स्वस्त आहे आणि पत्रा महाग. ज्या भागाचा आकार घ्यायचा, त्यावर पुठ्ठा दाबून धरावा, कडा खुणावाव्यात आणि दोन-तीन वेळा कातरून नेमका नमुना तयार करावा. गाडीची एक बाजू पूर्ण कुजली असेल तर दुसऱ्या बाजूवरून नमुना घ्यावा आणि तो उलटा करावा. कुजलेला तुकडा फेकून देऊ नये; कोठे घडी होती, कोठे छिद्र होते, याची साक्ष तोच देतो. कापताना चांगला, खणखणीत पत्रा लागेपर्यंत मागे जावे. येथे कंजूषपणा केला की जोड कुजक्या कडेवर येतो आणि वितळजोडाची ज्योत लागताच ती कड विरघळून जाते. आणखी एक लक्षात ठेवावे, ठिगळाचे कोपरे गोल असावेत. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तेथूनच चीर निघते. परकराला ठिगळ लावणाऱ्या आपल्या आजीलाही हे ठाऊक होते.

पत्रा कोणता घ्यावा? बाहेरच्या अंगासाठी थंड अवस्थेत लाटलेला, ज्याला दुकानात सीआर म्हणतात तो २० गेजी, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा. तळासाठी आणि भार घेणाऱ्या जागी १८ गेजी, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. मूळ जाडी सूक्ष्ममापकाने मोजून तिच्याशी जुळता घेणे सर्वांत उत्तम. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजत नाही म्हणून काही जण तोच वापरतात. परंतु जोडताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि त्याने ताप भरतो. वापरायचाच असेल तर जोडाच्या कडेचा मुलामा आधी घासून काढावा.

आता खरी विद्या सुरू होते. एका दिशेने वळलेला पत्रा हे सोपे काम आहे. नळकांड्यावर तो हाताने वाकवता येतो. परंतु चाकावरची कमान पाहा. तेथे पत्रा एकाच वेळी दोन दिशांनी वळला आहे. हा आकार सपाट पत्र्यातून वाकवून येत नाही. कोठे तरी पत्रा ताणावा लागतो अथवा कोठे तरी आकसावा लागतो. पोळपाटावरची पोळी सपाट असते, तीच घुमटावर पसरू पाहिली तर कडेला चुण्या पडतात. लोखंडाचेही तसेच आहे. ताणायचे असेल तर वाळूच्या पिशवीवर अथवा लाकडाच्या खोलगट ओंडक्यावर पत्रा ठेवून गोल तोंडाच्या हातोड्याने ठोकावा. तेथे तो पातळ होतो आणि पसरतो. आकसायचे असेल तर कडेला मुद्दाम निऱ्या घालाव्यात आणि त्या बाहेर पळून जाणार नाहीत अशा बेताने लाकडी मोगरीने टोकाकडून मुळाकडे ठोकत त्या एकमेकींत जिरवाव्यात. निऱ्या जिरल्या की कड आखूड होते आणि पत्रा आपोआप वाटीसारखा उठतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हंड्याचा गळा पाहिला आहे ना? तो याच युक्तीने आत येतो. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की लालसर तापवून निवू द्यावा, म्हणजे पुन्हा मऊ होतो. शेवटी ऐरणीच्या गुळगुळीत माथ्यावर लहान, सारखे घाव घालीत पृष्ठभाग एकसारखा करावा. तांबट ज्याला मठारणे म्हणतात, तेच हे. फरक एवढाच की, तांब्याच्या घागरीवर मठाराच्या खुणा शोभा देतात आणि मोटारीवर त्या एकही दिसता कामा नये.

काठाची घडी शेगड्यात दोन लोखंडी कोनांमध्ये पत्रा आवळून मोगरीने पाडावी. एकाच घावात काटकोन करू पाहणारा पत्रा फाडतो. तीन-चार फेऱ्यांत थोडी थोडी मुरड घालावी. करंजीची मुरड घालणारे हात घाई करीत नाहीत, ते एवढ्यासाठीच.

ठिगळ जागी बसले की जोड. कित्येक जण जुन्या पत्र्यावर ठिगळाची कड चढवून जोडतात. काम लवकर होते हे खरे, पण दोन पत्र्यांच्या मध्ये राहिलेल्या सापटीत पाणी शिरले की पाच-सहा पावसाळ्यांत पुन्हा तीच कथा. बाहेरच्या अंगावर कडेला कड भिडवूनच जोड द्यावा. फट असली तर तारेच्या जाडीएवढी आणि सर्वत्र सारखी. प्राणवायू आणि ॲसिटिलीन यांची ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि लोखंड १५३८ अंशांना वितळते. तेव्हा पातळ पत्र्याजवळ ती क्षणभर अधिक रेंगाळली तरी भोक पडते. आज विजेच्या तारेने आणि वायूच्या कवचाखाली जोडण्याची यंत्रे सर्वत्र आहेत. त्यांची उष्णता थोड्या जागेत राहते हा मोठा लाभ; परंतु त्या तारेचा जोड कडक होतो आणि नंतर हातोड्याला दाद देत नाही. ज्योतीचा जोड मऊ राहतो. ज्याला पुढे ठोकून समतल करायचे आहे त्याने ज्योत अथवा टंगस्टन टोकाची वीजजोडणी निवडावी. जेथे कोणाची नजर जाणार नाही अशा तळाला तारेचे यंत्र पुष्कळ झाले.

जोड सलग कधीही ओढू नये. तापलेला पत्रा पसरू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्यास पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी दबून जाड होतो. निवला की आकसतो आणि साऱ्या अंगाला ओढ लावतो. परिणामी मैदानासारखा सपाट दरवाजा सोलापुरी चादरीसारखा लहरतो. यावर उपाय म्हणजे आधी इंचा-इंचावर नुसते ठिपके द्यावेत, एक या टोकाला तर दुसरा त्या टोकाला. हात लावता येईल इतके निवू द्यावे, मग मधल्या जागा भराव्यात. मागे तांब्याची पट्टी धरली तर ती उष्णता शोषून घेते, आणि वितळलेले लोखंड तिला चिकटत नाही. मनूच्या घरी त्वष्टा असा पाहुणा येतो आणि काम करून जातो. निवल्यावर मागून डॉली धरावी (डॉली म्हणजे मुठीत मावणारी लहान ऐरणच) आणि पुढून जोडावर हातोडीचे घाव घालावेत. जो जोड आकसला होता तो पुन्हा ताणला जातो आणि लहर मिटते. कान देऊन ऐकले तर घाव डॉलीवर नेमका पडला की पोकळ जागी, हे आवाजावरून कळते.

आणि मग जो भाग गिऱ्हाईक कधीच पाहणार नाही, तो भाग. जोडाच्या मागचा रंग जळून गेलेला असतो. तेथे अस्तर दिले नाही तर वरचे सारे काम दोन वर्षांचे सोबती. उंबरठ्याच्या पोकळीत नळीने मेणयुक्त तेल फवारावे, सांधे भरावेत, आणि पाण्याची ती लहान छिद्रे तारेने मोकळी करावीत. माझ्या मते कारागिराची खरी पारख येथे होते, कारण येथे कोणी पाहत नाही.

आता या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१च्या अधिसूचनेने ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली आहे. सांगाडा, शरीर अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. म्हणजे मूळ आकाराला धरून केलेले काम हवे, आणि ते करणारे हात हवेत. तयार सुटे भाग प्रत्येक गाडीला मिळतीलच असे नाही. नव्या गाड्यांच्या कारखान्यांत वाकलेला पत्रा सरळ करण्यापेक्षा सबंध बदलण्याचीच रीत पडली आहे, त्यामुळे तेथे ही विद्या शिकायला मिळत नाही. ती जुन्या टिंकर मंडळींच्या हातात आहे, आणि त्यांतील पुष्कळांची साठी उलटली आहे. त्यांत आपल्या ज्ञातीचे आहेत तसे इतरही आहेत. विद्येला जात नसते, तिला शिष्य लागतो.

आपला शिक्षणनिधी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना साहाय्य करतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. माझी कार्यकारी मंडळास एक विनंती आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पत्राकामाचा अथवा वितळजोडाचा अभ्यासक्रम घेणाऱ्यांनाही त्याच निधीतून, त्याच मानाने साहाय्य व्हावे. शिष्यवृत्तीबरोबर एक हातोडी, एक मोगरी, एक डॉली आणि पत्राकात्री एवढा संच द्यावा. मुलीही यात याव्यात. मऊ हाताने घातलेल्या घावाला या कामात जेवढी किंमत आहे, तेवढी दांडगाईच्या घावाला नाही. त्याचप्रमाणे आपल्या ज्या वृद्ध कारागिरांना बोलावेसे वाटेल, त्यांच्या कामाच्या पद्धती चित्रासह टिपून घेण्याचे काम दोन-तीन तरुणांनी अंगावर घ्यावे. या स्मरणिकेच्या पुढच्या अंकांत त्यास जागा मिळावी. विवाहेच्छूंच्या यादीतली दोन पाने कमी झाली तरी चालेल, असे मी म्हणालो तर संपादक मला पुन्हा बोलावणार नाहीत. म्हणून तेवढे म्हणत नाही.

सभागृहाबाहेरच्या मेजावर मी तीन तुकडे मांडून ठेवले आहेत. तिन्ही एकाच निळ्या रंगाचे आहेत आणि वरून सारखेच दिसतात. एकात लांबी भरली आहे, एकात चढती कड आहे, आणि एक कडेला कड भिडवून ठोकलेला आहे. शेजारी लहान हातोडी आणि लोहचुंबक आहे. चहापूर्वी मंडळींनी ते वाजवून पाहावेत आणि कोणता कोणता हे ओळखावे. मग उलटे करून खात्री करून घ्यावी. मुलांना मात्र सांभाळा, मागच्या कडांना धार आहे.